पिकोवाल्या काकू

पिकोवाल्या काकूंची नजर आधी माणसाच्या कडेला जाते, चेहऱ्याकडे मागाहून. तुम्ही फाटक उघडून "काकू, आहात का?" म्हणेपर्यंत त्यांनी तुमच्या ओढणीचं टोक, कुर्त्याचा घेर आणि हातातल्या रुमालाच्या चारही बाजू तपासून ठेवलेल्या असतात. एखादा धागा लोंबताना दिसला की त्या कळवळून म्हणतात, "बाप्पा! उघडंच फिरून राहिल्या का तुम्ही?" पहिल्यांदा आलेली बाई दचकून स्वतःला चाचपते. काकू ओढणीबद्दल बोलत असतात. कापलेली कड दोऱ्याने झाकली नाही तर ती उघडी, आणि उघडं घराबाहेर पडू नये, एवढीच त्यांची सभ्यतेची व्याख्या. बाकी तुम्ही काय घालता, किती घालता, यात त्या पडत नाहीत.

अशा काकू नागपुरात वस्तीगणिक एक तरी असतातच. महालात त्या वाड्याच्या ओसरीत बसतात, खामल्यात जिन्याखाली, प्रतापनगरात बंगल्याच्या गॅरेजमध्ये, जिथे गाडी कधी आलीच नाही. पाटी सगळीकडे एकच, 'येथे पिको-फॉल करून मिळेल'. निम्म्या पाट्यांवर रंगाऱ्याने चंद्रकोर खाल्लेली असते, त्यामुळे तिथे 'फाल' करून मिळतो. आमच्या सक्करदऱ्याच्या काकूंनी पाटीखाली स्वतःच्या हाताने आणखी एक ओळ लिहिली आहे : 'खालचा काठ कोणता ते घरून विचारून यावे.' ही ओळ नवऱ्यांसाठी आहे. त्यांच्याकडे येतो मी नंतर.

काकूंच्या समोरच्या खोलीत दोन मशिनी आहेत. एक काळी, सोनेरी वेलबुट्टीची, पायाने चालवायची. ती सासूबाईंची. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ला नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये काकूंचे सासरे नोकरीला होते, त्या पगारातून ती आली. मिल गेली, तिच्या जागेवर मॉल उभा राहिला, सासरे गेले. मशीन अजून तेलाचे दोन थेंब टाकले की धावते. ती फक्त सरळ टीप मारते. सासूबाईही तशाच होत्या. त्यांच्या टाक्यांवरून पट्टी ठेवून रेघ मारता आली असती, आणि तोंडून निघालेलं वाक्य कधी कुणासाठी वळलं नाही.

दुसरी मशीन झिगझॅगची, मोटरवाली, ती काकूंनी भिशीच्या पैशातून घेतली. घरी आल्या दिवशी काकूंनी एका चिंधीवर पहिली टीप मारून कौतुकाने सासूबाईंपुढे धरली. सासूबाईंनी ती चष्म्याजवळ नेली, लांब धरली, उलटी करून पाहिली आणि विचारलं, "बिघडली का वं?"

"नाई जी, असंच चालते ते."

"मंग पैसे काहून दिले?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला काकूंना पुढची बरीच वर्षं लागली, आणि उत्तर त्यांनी तोंडाने दिलं नाही. सरळ मशीनची सुई खाली-वर एवढंच करते. झिगझॅगची सुई खाली-वर करता करता डावी-उजवीकडेही डुलते. डुलणं केवढं असावं याचं एक बटण, दोन टाक्यांत अंतर किती याचं दुसरं. या दोन बटणांवर काकूंनी घर चालवलं, स्लॅब टाकला आणि मुलाला इंजिनीअर केलं. डुलणं रुंद आणि टाके विरळ ठेवले की शिवणीच्या आतल्या कडेचे धागे सुटत नाहीत. टाके इतके जवळ आणले की दोरा दोऱ्याला खेटून बसावा, तर चकाकती भरीव पट्टी तयार होते. अशा दोन बारीक पट्ट्या शेजारी शेजारी, दोन्ही टोकांना टाचा मारलेला, मधून चिरायचं, झालं काज. खालचे दात बसवून कापड पुढे सरकणं बंद केलं की सुई जागच्या जागी या भोकातून त्या भोकात उड्या मारते आणि बटण लागतं. आणि पिको म्हणजे सुईची एक उडी कापडात, दुसरी कापडाच्या अगदी बाहेर, रिकाम्या जागेत. दोरा कडेला वेढा घालतो आणि कड आत वळून गोल बसते. "एक पाय घरात, एक पाय अंगनात," असं काकू शिकायला आलेल्या पोरींना सांगतात, "दोन्ही घरात ठेवले का कापड गोळा होते, दोन्ही अंगनात ठेवले का दोरा हवेत लोंबते."

सासूबाईंचं मत बदललं ते एका बनियनमुळे. सासऱ्यांच्या बनियनची खांद्यावरची शिवण त्यांनी आपल्या मशीनवर सरळ टीप मारून दुरुस्त केली होती. सासऱ्यांनी ती घालायला डोकं आत घातलं, बनियन ताणली गेली आणि टीप कडकन तुटली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा काकूंनी न विचारता झिगझॅग मारली. होजिअरी ताणली की दोऱ्यालाही ताणायला जागा हवी. नागमोडी दोऱ्यात ती आधीच साठवलेली असते. बनियन सासऱ्यांच्या अंगात गेली, निघाली, पुन्हा गेली. सासूबाईंनी कौतुक केलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या परकराचं इलॅस्टिक मुकाट्याने सुनेच्या मशीनजवळ आणून ठेवलं. तेव्हापासून काकूंच्या तोंडात माणसांची एक वर्गवारी बसली आहे. हट्टी, अडेल, नियमावर बोट ठेवणारा माणूस भेटला की त्या मान हलवतात : "सरळ टीप हाये जी ते. ओढलं का तुटते."

त्यांचं स्वतःचं बोलणं या दोषापासून संपूर्ण मुक्त आहे. तुम्ही साडी पुढे केली की सुरुवात साडीपासूनच होते. "रंग चांगला घेतला. गांधीबागेतून घेतला का? तिथं माह्या भाचीचं दुकान... दुकान नाई, दुकानासमोर तिचं सासर. तिले दिवस गेले. या काठाले गुलाबी दोरा नाई चालनार, रानी पाह्यजे. सिलेंडर आला का तुमच्याकडं? पदराकडून चार बोटं कापाव लागंल. पोट्टी झाली तर बरं, दोन पोट्टे हायेतच तिले." सिलेंडर, भाची, पदर, राणी रंग अशी चार टोकं एकाच श्वासात हाताला लागतात. नवखा माणूस मध्येच उठायला बघतो. त्याने उठू नये. विषय कितीही लांब गेला तरी काकू कडेवर परत येतात आणि तुमचं काम नेमकं सांगितल्याप्रमाणे झालेलं असतं.

वस्तीत कुणाचं लग्न ठरलं हे पत्रिका छापखान्यात जाण्याआधी काकूंना कळतं. साड्यांचा गठ्ठा उघडला की त्यांचं वाचन सुरू होतं. एकाच पोताच्या, रंग वेगळे, अशा आठ साड्या : मानपानाच्या. एक पैठणी, एक शालू : मुलगी यांची. त्यातल्या दोन साड्यांना "साधा फॉल चालेल हो" असं सांगितलं गेलं, तर त्या दोन नणंदांच्या. नऊवारीला फॉल लागतच नाही, तेव्हा गठ्ठ्यात एखादी नऊवारी नुसती 'बघायला' म्हणून आली असेल तर आजेसासू जिवंत आहे आणि तिचं घरात चालतं. किमतीची चिठ्ठी काढून टाकली तरी काकू काठ चिमटीत धरून आकडा सांगतात आणि तो बहुधा दुकानदाराने आधी सांगितलेल्या आणि नंतर घेतलेल्या आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असतो. हे सगळं त्या पोटात ठेवतात. "मी कोनालेच सांगत नाई," असं त्या प्रत्येकीला सांगतात, "तुम्ही विचारून राहिल्या म्हनून."

आता नवरे. संध्याकाळी ऑफिसातून येता येता 'एवढं देऊन या' म्हणून बायकोने हातात पिशवी दिलेला नवरा काकूंच्या दारात उभा राहतो तेव्हा त्याला वाटतं, आपण पिशवी द्यायची आणि निघायचं. काकू मशीन थांबवतात.

"फॉल मॅचिंग लावू का एक शेड डार्क?"

"मॅचिंग."

"अंगाच्या रंगाले मॅचिंग का काठाले?"

"..."

"ब्लाऊजपीस कापाचा का ठेवाचा? पदराले पिको का गोंडे? फॉल भिजवून आनला हाये का? सुती फॉल हाये, न भिजवता लावला तर पहिल्या धुन्यात आटंल आन खालचा काठ गोळा होईल. मंग बाई मले बोलन."

नवरा फोन काढतो. पलीकडून उचलत नाहीत. तो घाम पुसून, मोठा निर्णय घेतल्याच्या आवाजात "हो" म्हणतो. कशाला हो ते काकू विचारत नाहीत. त्यांनी आतल्या आत सगळं ठरवलेलं असतं. प्रश्न फक्त माणसाला जरा खाली बसवण्यासाठी असतात. उभ्याने साडी देऊन जाणारा माणूस त्यांना आवडत नाही.

उन्हाळ्यात मात्र बसायला कुणी तयार नसतं. लग्नसराई मे महिन्यात, नागपूरचा पारा ४५च्या वर, खिडकीला खसाच्या ताट्यांचा कूलर घुमतोय, गिऱ्हाईक घराकडे न जाता पंधरा मिनिटं उगाच रेंगाळतंय, आणि अशात एखादी बाई पिशवीतून साडी काढत हळूच म्हणते, "शिफॉन आहे." खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे पडतात. कारण पुढची क्रिया सगळ्यांना पाठ असते. काकू उठतात, कूलर बंद करतात. मग पंखा बंद करतात. दारावरचा पडदा हलत असेल तर त्याला गाठ मारतात. शिफॉन म्हणजे पाळण्यात नुकतं झोपलेलं पोर, कुणी श्वास सोडला तरी चळवळतं. चौदा नंबरची सुई काढून अकरा नंबरची लावतात, वरच्या दोऱ्याचं टेन्शन सैल करतात (खोलीतलं तेवढ्याच प्रमाणात वाढतं), काठाखाली पातळ कागदाची पट्टी सरकवतात, कारण तलम कापड रुंद टाक्याखाली चुरगळून आत ओढलं जातं आणि कागद त्याला पसरून धरतो. साडेपाच मीटरची ती साडी संपेपर्यंत कुणी वर्तमानपत्राचा पंखा हलवला तरी काकू डोळे वर न करता "अं" म्हणतात. शेवटी कागद फाडून काढला, कूलर सुरू झाला की थांबलेली माणसं आधी एकमेकांकडे आणि मग शिफॉनवालीकडे बघतात. जाणत्या बायका शिफॉन पावसाळ्यात आणतात.

वर्तमानपत्राचा कागद त्या साडीखाली कधी वापरत नाहीत, शाई लागते. मुलाच्या दहावीपर्यंतच्या गणिताच्या वह्या त्यांनी याच कामासाठी जपल्या. आमच्या वस्तीतल्या कित्येक ब्लाऊजच्या बाह्यांवरची फुलं उलटी करून पाहिली तर टाक्यांमध्ये अडकलेल्या कपट्यावर अर्धवट वर्गमूळ सापडतं.

वीस फुटांवरचा सुटलेला धागा दिसणाऱ्या काकूंना सुईचं नाक मात्र दिसत नाही. दोरा ओवायचं खातं काकांकडे. काका निवृत्त आहेत, इतिहास वाचतात, आणि दोरा हातात आला की त्यांना बोलायला जागा मिळाल्यासारखं होतं. दोरा ओवून होतो, पण सांगणं पूर्ण होईपर्यंत टोक ते चिमटीतून सोडत नाहीत. त्यामुळे शिवणाच्या मशीनचा इतिहास काकूंना हप्त्याहप्त्याने पाठ झाला आहे, प्रत्येक तुटलेल्या दोऱ्यागणिक एक प्रसंग.

त्यांचा लाडका प्रसंग गांधीजींचा. १९२४ साली शांतिनिकेतनच्या रामचंद्रन नावाच्या विद्यार्थ्याने गांधीजींना यंत्रांबद्दल खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी अपवाद म्हणून सिंगरच्या शिवणयंत्राचं नाव घेतलं. बायको हाताने शिवून शिवून थकते हे सिंगरला बघवलं नाही आणि तिच्या प्रेमापोटी त्याने यंत्र काढलं, असं गांधीजींचं म्हणणं. सेवाग्राम इथून दीड-दोन तासांवर, तेव्हा काका हे आपल्या शेजाऱ्याने सांगितल्यासारखं सांगतात. मग आवाज खाली आणून पुस्तकातली पुढची माहिती देतात. आयझॅक सिंगर नाटकातला नट होता, मशीनचं पेटंट त्याला १८५१ साली मिळालं, आणि प्रेम एका बायकोवर थांबलं नव्हतं. निरनिराळ्या बायकांपासून त्याला मुलं झाली ती दोन डझनांच्या घरात.

काकूंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मशीन थांबवली होती. "दोन डझन लेकरं? मंग मशीन नाई काढन तर काय करन जी तो? लंगोटच किती शिवाव लागले असतीन!"

काकांचा गांधीजींवरचा विश्वास तसूभर हलला नाही, पण तेव्हापासून हा प्रसंग ते गिऱ्हाईक नसताना सांगतात.

दुसरा प्रसंग हेलन ब्लँचर्डचा. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या पोर्टलंडची ही बाई. हिने १८७३ साली कडेवरून दोरा फिरवणाऱ्या, वाकडा टाका घालणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं. काकांना वाटलं होतं काकू चकित होतील. काकूंनी दोऱ्याचं टोक त्यांच्या चिमटीतून सोडवून घेतलं आणि म्हणाल्या, "बाईच असनार. गडीमानूस सरळ जाते आन वापस येते. कड कोन पाह्यते त्याच्यात?" नंतर त्या हेलनबाईंना त्यांनी पाटावर वगैरे बसवलं नाही, पण घरघर वाढली किंवा टाका चुकला की काकू आता मशीनला "हेलनबाई, काय झालं वं?" असं विचारतात. मशीनला तेल दिलं की ती उत्तर देते.

एका साडीपुढे मात्र त्या मशीन बंद करून हात धुऊन बसतात : करवतकाठी. भंडाऱ्याकडच्या मोहाडी-आंधळगावच्या आणि नागपूरच्या हातमागांवरची ही साडी. अंग टसरचं, त्याचे कोष ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात. काठाजवळ करवतीच्या दातांसारखी नक्षी, आणि ती छापलेली किंवा शिवलेली नसून विणतानाच काठाचे आणि अंगाचे धागे वेगवेगळ्या धोट्यांनी एकमेकांत अडकवून उमटवलेली. काकू त्या दातांवरून बोट फिरवतात. मागावर बसलेल्या माणसाने दोन हातांनी, बटणाशिवाय, मोटरशिवाय झिगझॅग घातलं, तेही साडीभर, हे त्यांना अजून पचलेलं नाही. करवतकाठीच्या पदराला पिको मारा म्हणणाऱ्या बाईला त्या सरळ परत पाठवतात. "गोंडे बांधाचे हिले. विनकराच्या झिगझॅगवर मी माह्यं झिगझॅग मारू का? शोभते का ते?" फॉल लावतात, तोही हाताने, अन् भिजवून, वाळवून, इस्त्री करून. त्याचे जास्तीचे पैसे घेतात. आदर वेगळा, वेळ वेगळा.

पण काकूंची कला बघायची तर तान्ह्या पोळ्याच्या आदल्या आठवड्यात यावं. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात एकीकडे काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आणि दुसरीकडे पोरं लाकडाचे चाकवाले बैल ओढत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. भोसल्यांच्या काळापासूनची ही पद्धत. बैलाची सजावट-स्पर्धा असते, आणि स्पर्धा पोरांची असली तरी ती खेळतात आई-बाप. बैलाला झूल लागते. वर्षभराच्या चिंध्यांचं गाठोडं काकू त्या आठवड्यात सोडतात.

मग एरवी निव्वळ काठ झाकणारी ती मशीन वेगळीच होते. लाल सॅटिनवर पिवळ्या कापडाचं फूल ठेवायचं, आधी कडेने सरळ टीप, मग टिपेला लागून जास्तीचं कापड कातरायचं, आणि मग वरून दाट झिगझॅग, की कापलेली कड भरीव पट्टीखाली बुडून जाते. कोपरा आला की सुई बाहेरच्या बाजूला रुतवून, पाय उचलून कापड फिरवायचं. आतल्या बाजूला रुतवली तर कोपऱ्यावर फट राहते आणि ती काकूंना रात्री झोपू देत नाही. जरीची जाड दोरी कापडावर नागमोडी पसरून वरून पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्याने तिला पकडायचं. लांबून पाहिलं तर दोरी आपोआप चिकटल्यासारखी वाटते. तलम पट्टीची घडी करून घडीच्या कडेवरून रुंद टाका घट्ट टेन्शनवर नेला की कड ठरावीक अंतराने चिमटली जाते आणि शिंपल्यांची रांग तयार होते. झालर हवी तर जाड दोरा कापडावर ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंनी झिगझॅग, दोऱ्याला न टोचता, मग तो दोरा ओढायचा : एका ओढीत सारख्या चुण्या. काकूंना विचारलं की हे कुठं शिकलात, तर त्या म्हणतात, "चुकून."

झुलीवर बैलाचं नाव घालायचं तर पाय काढून टाकायचा, दात खाली बसवायचे, कापड रिंगमध्ये ताणून दोन्ही हातांनी सुईखाली फिरवायचं. अक्षराची जाडी गुडघ्याने. मशीनखालचा दांडा गुडघ्याने जितका दाबावा तितकी सुई रुंद डुलते. उकार सुरू होताना बारीक, वळताना जाड, शेवटी पुन्हा बारीक. शाळेत मराठीत पस्तीस मार्क मिळालेल्या काकूंच्या गुडघ्याचं अक्षर अतिशय वळणदार आहे. पूर्वी सर्जा, राजा, ढवळ्या, पवळ्या एवढ्यावर भागत होतं. मध्ये बाहुबली आले. अलीकडे एका बापाने मोबाईलवर हातोडीवाल्या गोऱ्या देवाचं चित्र दाखवून सांगितलं, "काकू, 'थॉर' लिहायचं." काकूंनी पाटीवरच्या रंगाऱ्याप्रमाणेच चंद्रकोरीला काट दिला, तिच्या जागी मात्रा घातली आणि सोनेरी दोऱ्याने, वेलबुट्टीसह, 'थोर' असं लिहून दिलं. बाप चिडला. उसवायला वेळ नव्हता. परीक्षकांनी, एवढ्या लहान वयात एवढा संस्कारी विचार, म्हणून त्या बैलाला पहिला नंबर दिला. पुढच्या वर्षी चौघांनी 'थोर' मागितलं.

मुलगा पुण्यात नोकरीला लागल्यावर त्याने आईला कॉम्प्युटरची मशीन घेऊन दिली. शंभरावर टाके, बटण दाबलं की बदकं, पानं, हृदयं आपोआप उमटतात. काकूंनी एका दुपारी सगळे टाके एका चादरीवर मारून पाहिले आणि निकाल दिला : "सगळे झिगझॅगच हायेत जी. कोनाले नटवलं, कोनाले पळवलं." होम सायन्सच्या पोरी येतात तेव्हा त्या चादरीचा तक्ता म्हणून उपयोग होतो. मशीनवर टॉवेल घातला आहे. टॉवेलला पिको आहे.

त्याच मुलासाठी मुलगी बघायला मनीषनगरला जायचं ठरलं, तेव्हा शेजारी म्हणून मलाही गाडीत बसवलं. मुलगी शिकलेली, नोकरीवाली, घर नीटनेटकं. पोह्यांचा ट्रे आला. काका मुलीच्या वडिलांना एम्प्रेस मिलबद्दल सांगू लागले, मुलगा आणि मुलगी एकमेकांकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते, आणि काकूंचं लक्ष ट्रेवरच्या रुमालावर खिळलं होतं. दाट टाक्यात भरलेलं गुलाबाचं फूल, कडेला पिको. काकूंनी बशी उचलायच्या निमित्ताने रुमालाचं टोक धरलं आणि उलटं केलं. मग दोन्ही बाजू नखाने खरवडून पाहिल्या. त्यांचा चेहरा काळवंडत गेला. पोहे त्यांनी दोन घास खाल्ले आणि बशी ठेवली. काकांनी बोलणं थांबवलं, म्हणजे परिस्थिती गंभीर होती.

मुलीच्या आईला वाटलं, कौतुकच चाललंय. त्या हसून म्हणाल्या, "आवडला का रुमाल? आमच्या हिला फार हौस..."

"आई," मुलगी म्हणाली, "तो मी केलेला नाही. काल बर्डीवरून आणलाय. मला सुईत दोराही ओवता येत नाही."

खोलीत शांतता पसरली. मुलीच्या आईने डोळे मिटले. काकूंनी मात्र छातीवर हात ठेवून मोठा श्वास सोडला.

"बरं झालं माय सांगितलं! मी कधीची विचार करून राहिली. खालचा दोरा वर येऊन राहिला, वरचं टेन्शन टाइट, पिकोचे दोन्ही पाय अंगनात. म्हटलं, पोट्टी तर चांगली हाये, पन असं काम ज्या घरात होते तिथं पोट्टं द्याव कसं?" आणि बशी पुन्हा उचलून त्यांनी उरलेले पोहे संपवले. "दोरा ओवता येत नाई त्याचं काई नाई. मलेही येत नाई. आमच्या घरी ते काम मानसं करतात."

काकांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने पुण्याकडे पाहिल्यासारखं खिडकीकडे पाहिलं. बाकीचं त्या बैठकीतच ठरलं. देणंघेणं काही नाही, लग्न साधं, खर्च निम्मा निम्मा. निघताना चपला घालता घालता काकू थांबल्या आणि मुलीच्या वडिलांना म्हणाल्या, "एक गोष्ट सांगून ठेवतो. तुमच्याकडच्या जेवढ्या साड्या घ्याल तेवढ्या पिकोले माह्याकडंच येतीन. दुसऱ्या कोनाकडं नाई."

"म्हणजे काय, आता आपलंच घर," मुलीचे वडील हात जोडून म्हणाले.

"घर आपलं. पन पिकोचा भाव सगळ्याईले एकच हाये."

त्यांनी आनंदाने मान डोलावली. फॉलचे पैसे वेगळे असतात, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.